कासेच्या दगडीवर हर्बल तेल घेतलं आणि गाईचं एक सड कायमचं गेलं

आमच्या चांदीचं मागचं डावं सड आता बंद आहे. धारेला बसलं की सवयीनं हात अजून तिकडं जातो आणि मग आठवतं. हे मागच्या पावसाळ्यात झालं, लिहू का नको करण्यात बरेच दिवस गेले, पण परवा माहेरी माळशिरसकडं तसलीच तेल विकणारी गाडी आणि तसल्याच हिरव्या बाटल्या येऊन गेल्याचं वहिनीनं फोनवर सांगितलं म्हणून आज बसलेच लिहायला. लांब होईल पण वाचा, आणि ज्या बाया स्वतः धारा काढतात त्यांनी तर वाचाच.

आम्ही फलटण तालुक्यातले. सहा दुभत्या एचएफ (होल्स्टीन) गाई आणि दोन कालवडी, गोठ्याचं सगळं आत्या आणि मी बघतो, आमचे हे शेतातलं बघून वैरणीचं तेवढं करतात. चांदी तिसऱ्या वेताची, दिवसाला २० लिटर देणारी, घराचा हप्ता तिच्यावर चालतो असं म्हणलं तरी चालेल.

जुलैमधी एका संध्याकाळी धारेला बसले तर मागचं डावं सड गरम लागलं आणि कास त्या बाजूनं दगडासारखी टणक. पहिली चिळकांडी हातावर घेतली तर दह्यासारख्या गाठी. दगडीच होती, म्हणजे कास सुजायचा आजार, सांगायला डॉक्टर नको. तरी सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांना लगेच फोन केला, ते रात्री नऊला पावसात आले, इंजेक्शन दिलं, सडात ट्यूब सोडली आणि म्हणले ताई, तीन दिवस रोज करायचं, एक पण दिवस चुकवायचा नाही, आणि तिचं दूध डेअरीला घालायचं नाही, चारही सडांचं नाही, औषध संपल्यावर पण पाकिटावर लिहिलेत तेवढे दिवस नाही. म्हणजे धरून चाला सात दिवस.

आता तुम्हीच हिशोब करा. २० लिटर, सात दिवस, २८ रुपये भाव. ३,९२० रुपयांचं दूध ओतून द्यायचं, वरून औषधाचा खर्च. रात्रभर डोक्यात तेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळापाशी ती गाडी आली. हे मुद्दाम सांगतेय कारण फसतो तो माणूस त्या दिवशी कसल्या काळजीत असतो ते बाकीच्यांना दिसत नाही, मग म्हणतात एवढं कसं कळलं नाही.

गाडीवर बॅनर, केमिकलमुक्त गोठा. माणूस पांढऱ्या कोटात, गळ्यात कार्ड, सोबतचा पोरगा त्याला सारखा डॉक्टरसाहेब डॉक्टरसाहेब म्हणत होता म्हणून आम्ही पण तेच म्हणायला लागलो. बोलणं इतकं गोड. ओवा, लवंग, निलगिरी, गवती चहा, कडुनिंब अशा वनस्पतींचा अर्क, शंभर टक्के शुद्ध तेल, एकाच बाटलीत दगडी, लाळ्या-खुरकूत, लंपी, पायातलं सडणं, वासराची हगवण सगळ्यावर. वर तेच पाण्यात टाकून गोठ्यात फवारायचं म्हणजे फिनेल नको, चुना नको, ब्लिचिंग नको.

मग त्यानं प्रयोग दाखवला आणि तिथंच आमचा सगळ्यांचा विश्वास बसला. काचेच्या ग्लासात तपकिरी पाणी घेतलं, म्हणला हे रोगट कासेतलं जंतूंचं पाणी आहे, बघा किती घाण. बॅगेतून छोटी बाटली काढली, पाच थेंब टाकले आणि ते पाणी आमच्या डोळ्यादेखत काचेसारखं स्वच्छ झालं. जंतू खलास म्हणला. बायकांनी हात लावून बघितलं. नंतर बादलीत तेल ओतलं तर पाणी दुधासारखं पांढरं झालं आणि वास असा सुटला की नाक मोकळं झालं, सगळ्यांनाच वाटलं एवढा उग्र वास आहे म्हणजे माल कडक असणार.

मी विचारलं दगडीला कसं वापरायचं. म्हणला ताई, सुई काढलेल्या सिरिंजनं १० मिली सडातून आत सोडा, सकाळ संध्याकाळ. कालचं इंजेक्शन झालं तेवढं बास, अँटिबायोटिक म्हणजे विष, तुमचं दूध पण विष करतं. हे वनस्पतीचं आहे, उद्यापासून दूध डेअरीला घाला. हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी घेतलं, खरं तेच आहे. बाटली १,६०० ला, गटानं घेतली तर १,३०० ला. मी आमच्या बचत गटाची सचिव. मीच घरोघर फोन केले. नऊ जणींनी मिळून १४ बाटल्या घेतल्या, १८,२०० रुपये, मोबाईलवरून पाठवले ते पण कंपनीच्या नावावर नाही, कुठल्या तरी वेगळ्याच माणसाच्या नावावर गेले. पावती मागितली तर कोऱ्या पॅडवर आकडा लिहून दिला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला, येऊ का दुसऱ्या इंजेक्शनला. मी म्हणलं बरं वाटतंय तिला, राहू द्या. कास खरंच थोडी मऊ पडली होती. ती कालच्या इंजेक्शननं पडली होती हे मला नंतर कळलं, तेव्हा वाटलं तेलानंच.

दुसऱ्या दिवशी चांदी सड धरू देईना. जी गाय लहान पोरानं हात लावला तरी हलत नाही ती लाथा मारायला लागली. त्या माणसाला फोन केला तर म्हणला आतली घाण बाहेर पडतीय, डोस डबल करा. मी केला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती बसून होती, वैरणीला तोंड लावलं नाही, कान गार आणि अंग भाजतंय, सडातून पिवळं पाणी आणि त्यात रक्ताचे धागे. त्यातच डेअरीतून फोन, तुमचं ३८ लिटर परत न्या, दुधाला निलगिरीचा वास येतोय. बाकीच्या गाईंची सडं पण मी त्याच तेलात बुडवत होते, गोठ्यात पण तेच फवारलेलं, दूध आजूबाजूचा वास लगेच ओढून घेतं. त्या माणसाला परत फोन लावला तर बंद. तो आजपर्यंत बंदच आहे.

डॉक्टरांना बोलवायची लाज वाटत होती तरी बोलवलं. ताप १०५ च्या वर. त्यांनी एक शब्द रागाचा काढला नाही, सलाईन लावली, इंजेक्शनं दिली, दुधाचा नमुना लॅबला पाठवायला घेतला म्हणजे नेमका कुठला जंतू आणि त्याला कुठलं औषध लागू पडतं ते कळेल. रिपोर्ट आला, स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा जंतू कासेत आत खोल जाऊन घर करतो, पहिल्या दिवसात नीट औषध पोचलं तर काही आशा, नाहीतर तो चिवट होतो. आमचे नेमके तेच दिवस तेलात गेले. गाय वाचली. सड नाही वाचलं. आता तीन सडांवर १२-१३ लिटर देते.

सलाईन चालू असताना मी त्यांना विचारलं की मग वनस्पतीचं तेल म्हणजे सगळं खोटंच का. तर ते म्हणले नाही ताई, ओव्याच्या तेलात थायमॉल असतं, लवंगेत युजेनॉल, ते जंतू मारतात हे लॅबमधी दिसलेलं आहे. पण काचेच्या ताटलीत मारणं वेगळं आणि कासेत मारणं वेगळं. कासेत दूध असतं, दुधातली चरबी आणि प्रोटीन त्या तेलाला धरून ठेवतात, जंतूपर्यंत पुरेसं पोचतच नाही, आणि पोचेल एवढं कडक सोडलं तर आतलं नाजूक अस्तर भाजून निघतं. शिवाय निर्जंतुक नसलेली कसली पण गोष्ट सडातून आत सोडणं म्हणजे बाहेरचे जंतू आपल्या हातानं आत घालणं. एनडीडीबी, म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ, पण दगडीवर घरगुती लेप सांगते, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, पण तो वरून कासेला लावायचा असतो, आत सोडायचा नाही, आणि गाठी पडल्यात ताप आलाय अशा गाईला नुसत्या त्याच्या भरवशावर ठेवायचं नाही. लाळ्या-खुरकूत आणि लंपी तर विषाणूंचे रोग, त्याला लस. २०२२ ला लंपी आली तेव्हा आपल्याकडं घरोघरी काय काय फवारलं होतं ते आठवत असेलच, पण लंपी पसरवतात चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड. सगळ्या रोगांवर एकच बाटली म्हणणारा माणूस डॉक्टर असूच शकत नाही, हे त्यांचं वाक्य मी विसरणार नाही.

मग त्यांनी त्या बाटलीतला एक थेंब वहीच्या कागदावर टाकला, शेजारी त्यांच्याकडच्या खऱ्या निलगिरी तेलाचा एक थेंब. खरं तेल उडून गेलं, कागद कोरडा. आमच्या बाटलीचा डाग दुसऱ्या दिवशी पण तेलकट, आरपार दिसणारा. म्हणजे कसलं तरी जड स्वस्त तेल आणि त्यात वासापुरता अर्क. पाणी पांढरं होतं ते त्यात साबणासारखं काहीतरी घातलेलं असतं म्हणून, त्याचा आणि जंतू मरण्याचा काही संबंध नाही.

आणि तो तपकिरी पाण्याचा प्रयोग. माझा पुतण्या बारावी सायन्सला आहे, त्याला सगळं सांगितलं तर तो म्हणला काकी थांबा. दवाखान्यातनं आणलेलं पोविडोन आयोडीन पाण्यात टाकलं, तसंच तपकिरी पाणी झालं. त्यात व्हिटॅमिन सीची गोळी कुटून टाकली आणि ढवळलं. पाणी स्वच्छ. मी नुसती बघत बसले. फोटोवाले फोटो धुवायला हायपो नावाचं रसायन वापरतात त्यानं पण असंच होतं म्हणे. मग आम्ही आमच्या विकत घेतलेल्या बाटलीतलं तेल तसल्याच पाण्यात टाकून बघितलं तर रंग तसाच राहिला, तेल वर तरंगत बसलं. म्हणजे दाखवायची छोटी बाटली वेगळी आणि विकायची वेगळी. आणि जे आयोडीन खरं जंतू मारतं, धार काढल्यावर सडं ज्यात बुडवतात, तेच त्यानं जंतू म्हणून दाखवलं. मला सगळ्यात जास्त राग ह्याचा येतो.

त्या आठवड्यात मी आयोडीनचं बुडवणं पण बंद केलं होतं आणि ब्लिचिंग पण, त्यानं सांगितलं म्हणून. आमच्या दुसऱ्या एका गाईच्या दुधात पण गाठी दिसल्या, नशीब ती लवकर सापडली, तीन दिवसांचा कोर्स पूर्ण केला आणि बरी झाली. ब्लिचिंगबद्दल एक सांगते जे मला पण माहीत नव्हतं, शेणावर टाकलं तर ते शेणातच संपतं. आधी शेण खरवडायचं, पाण्यानं धुवायचं, पाणी निथळू द्यायचं, मग टाकायचं, आणि पोतं उघडं ठेवलं तर त्यातला क्लोरीन उडून नुसती पांढरी भुकटी राहते. आयोडीनमधी बुडवल्यावर गाईला पुढ्यात वैरण टाकून अर्धा तास तरी उभी ठेवायची कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. आणि दगडी गाठी दिसायच्या आधी पकडायची असेल तर अर्धा लिटर पाण्यात १५ ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवून ठेवायची, वाटीत प्रत्येक सडाचं दूध वेगळं घ्यायचं आणि तेवढंच ते पाणी घालून फिरवायचं, दूध शेंबडासारखं घट्ट झालं तर त्या सडात दगडी सुरू झालेली आहे. ते दूध लगेच मोरीत ओतून द्यायचं. मी आता दर रविवारी करते, काही पैसे लागत नाहीत.

बाटलीवरचं लेबल मी आधी वाचलंच नाही. नंतर पुतण्यानं वाचून दाखवलं. खाली बारीक इंग्रजी अक्षरात फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली, म्हणजे फक्त बाहेरून वापरायचं. बॅच नंबर नाही, तारीख नाही, औषध बनवायच्या लायसनचा नंबर नाही. जनावरांचं आयुर्वेदिक औषध असलं तरी त्याला लायसन नंबर लागतो, १९४० च्या औषध कायद्यात आहे ते. हे विचारलं असतं तर त्याच दिवशी देवळापाशी सगळं उघडं पडलं असतं. पैसे भलत्याच नावावर जात होते तिथंच खरं तर थांबायला पाहिजे होतं.

पोलिसात अर्ज दिलाय, १९३० या सायबर हेल्पलाईनला पैशाची तक्रार नोंदवली पण आम्हाला दहा दिवस उशीर झाला होता, लगेच केली तर पैसे खात्यात अडवता येतात म्हणे, तर तुमच्यापैकी कुणी पाठवले असतील तर आजच करा. ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. जनावर आजारी असेल आणि डॉक्टर मिळत नसेल तर १९६२ ला फोन लावा, सरकारी फिरती गाडी येते, गाडीवरच्या तेलवाल्याची वाट बघू नका.

गटातल्या बायका मला काही बोलल्या नाहीत, पण घरोघर फोन मी केले होते. चांदीच्या दुधाच्या पगारातून दर महिन्याला दोघींचे पैसे परत करतेय, अजून तिघी राहिल्यात. न उघडलेल्या पाच बाटल्या पोत्यात बांधून माळ्यावर ठेवल्यात, पोलीस कधी पण मागतील म्हणून. तुमच्याकडं तसली हिरवी बाटली असेल तर रागानं फेकून देऊ नका, लेबलाचा आणि पैसे पाठवल्याचा फोटो काढून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात द्या. आमच्या एका अर्जापेक्षा चार तालुक्यांचे अर्ज गेले तर त्या गाडीचा नंबर कुणीतरी शोधेल.