सूज उतरवणारी गोळी की मेटफॉर्मिन? टाइप वनमध्ये इन्सुलिनला दाद मिळेना तेव्हाची निवड

वजन ७८ किलो आणि दिवसाचं इन्सुलिन ९६ युनिट. भागाकार केला की किलोमागे १.२३ युनिट येतात. टाइप वन मधुमेहात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवत नाही, आणि अशा मोठ्या माणसाला किलोमागे साधारण अर्धं ते एक युनिट पुरतं. त्यावर आकडा गेला, कंबर वाढत चालली आणि घरात आई-वडिलांना टाइप टू असेल, तर शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालंय असं समजायला जागा आहे. अशा वेळी साताऱ्या-सांगलीकडच्या माणसापुढे तीन-चार वाटा येतात: अंगातली सूज (बारीक, सततचा दाह) कमी करणाऱ्या औषधाच्या संशोधन-चाचणीत नाव घालायचं, टाइप टूची नेहमीची गोळी मेटफॉर्मिन जोडायची, हळदीच्या कॅप्सूल सुरू करायच्या, किंवा आहे तेच चालू ठेवून युनिट वाढवत राहायचं. या वाटा एका मापाने मोजता येत नाहीत, कारण प्रत्येकीचा पुरावा वेगळ्या माणसांवरचा आहे.

आधी खरंच दाद मिळत नाही का, ते बघा

गोळी निवडण्याआधी सुईची जागा चाचपून बघा. बेंबीच्या दोन्ही बाजूंना बोटं सपाट ठेवून फिरवली की कुठे रबरासारखी गाठ लागते. तिथे टोचलेलं इन्सुलिन कधी दोन तासांनी उतरतं, कधी उतरतच नाही. जागा बदलून चांगल्या कातडीत टोचलं की तेवढेच युनिट जास्त लागू पडतात. म्हणून डॉक्टर सहसा पहिल्या दिवशीच डोस १० ते २० टक्के कमी करायला सांगतात, नाहीतर रात्री शुगर लो ठरलेली.

दुसरी गफलत सिरिंजची. आपल्याकडे ४० आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही बाटल्या चालतात. ४० ची लाल टोपीची सिरिंज, १०० ची केशरी टोपीची. ४० च्या बाटलीतून १०० च्या सिरिंजने ‘२०’ च्या रेघेपर्यंत ओढलं तर पोटात ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट जातात. हा माणूस सगळ्यांना सांगतो की मला इन्सुलिन लागूच पडत नाही. उलट बाजू जिवावरची आहे: १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तीच रेघ, ५० युनिट. शिवाय एप्रिल-मेमध्ये मोटरसायकलच्या डिकीत तापलेली बाटली, हलवून एकजीव न केलेलं दुधाळ इन्सुलिन, जास्त चालणारं थायरॉइड, हिरड्यांचा किंवा लघवीचा जुना जंतुसंसर्ग. यातली शेवटची गोष्ट तर सूजच आहे, फक्त हिरड्यांची असेल तर तिच्यावरचं औषध दंतवैद्याकडे मिळतं.

हे सगळं ठीक असेल तर एक सूत्र घरी मांडता येतं. २१.१५८ मधून कंबरेच्या सेंटिमीटरची ०.०९ पट वजा करा, बीपीचा त्रास असेल तर आणखी ३.४०७, आणि एचबीए१सीची (गेल्या तीनेक महिन्यांच्या शुगरचा सरासरी आकडा) ०.५५१ पट. कंबर ९८, बीपीची गोळी चालू, एचबीए१सी ८.४ असेल तर उत्तर ४.३ येतं. आठच्या वर असेल तर दाद बरी, चारच्या आसपास किंवा खाली असेल तर वाईट. टाइप टूच्या रिपोर्टवर ‘होमा-आयआर’ नावाचा आकडा असतो, तो टाइप वनमध्ये निरुपयोगी. तो शरीराच्या स्वतःच्या इन्सुलिनवर बेतलेला, आणि इथे ते नसतंच.

सूज हे कारण आहे, पण एकटंच नाही

चरबीच्या पेशींमधल्या बारीक, सततच्या सुजेमुळे स्नायू आणि यकृत इन्सुलिनचा निरोप नीट घेत नाहीत, हे टाइप टूमध्ये बऱ्यापैकी पक्कं आहे. टाइप वनमध्ये एक वेगळा पेच आहे. स्वादुपिंडातून निघालेलं इन्सुलिन आधी यकृतात जातं. आपण ते पोटाच्या कातडीखाली सोडतो, तेव्हा ते आधी सगळ्या अंगभर फिरतं. यकृताला पुरेसं पोचावं म्हणून स्नायूंना गरजेपेक्षा जास्त इन्सुलिनमध्ये बुडवून ठेवावं लागतं, आणि बुडालेला स्नायू दाद देणं कमी करतो. अमेरिकेत व्हँडरबिल्टच्या संशोधकांनी २०१९-२० च्या सुमारास टाइप वनच्या लोकांची तुलना ग्लुकोकायनेज नावाच्या जनुकातल्या दोषाने होणाऱ्या जन्मजात मधुमेहाशी केली. दोघांचीही शुगर वाढलेली, पण दुसऱ्यांचं इन्सुलिन स्वतःचं. दाद कमी झालेली दिसली ती टोचून घेणाऱ्यांत. म्हणजे सूज पूर्ण उतरवली तरी टोचण्याच्या मार्गातून आलेला भाग राहणारच. चाचणीकडून किती अपेक्षा ठेवायची, ते इथे ठरतं.

सॅलिसिलेट

ऍस्पिरिनच्या या घराण्याचा इतिहास सगळ्यांत जुना. १८७६ मध्ये जर्मनीत एबस्टाइन यांनी सोडियम सॅलिसिलेट देऊन लघवीतली साखर गेलेली नोंदवली, १९०१ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यमसन यांनी तेच पुन्हा दाखवलं. मग इन्सुलिन आलं आणि विषय मागे पडला. २००१ मध्ये बोस्टनच्या शोएलसन यांच्या गटाने सुजेचा निरोप पेशीत नेणारी एक कडी सॅलिसिलेटने बंद होते आणि उंदरांची दाद सुधारते, हे दाखवलं. तिथून याच घराण्यातल्या सॅल्सलेट या गोळीच्या चाचण्या निघाल्या.

सॅल्सलेट पोट कमी जाळतं आणि रक्त पातळ करत नाही, म्हणून ऍस्पिरिनऐवजी ते निवडलं गेलं. टाइप टूच्या २८६ जणांना ४८ आठवडे दिवसाला ३.५ ग्रॅम दिल्यावर एचबीए१सी गोळीसारख्या दिसणाऱ्या निष्क्रिय गोळीपेक्षा सरासरी ०.३७ ने जास्त उतरला. त्याबरोबर वजन थोडं वाढलं, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढलं आणि लघवीतलं प्रथिन वाढलं. बंद केल्यावर प्रथिन खाली आलं हे खरं, पण पंधरा-वीस वर्षं टाइप वन असलेल्याच्या किडनीवर हा प्रयोग करताना हात आखडता घ्यावा. ०.३७ साठी किडनी पणाला लावणं हा महागाचा सौदा वाटतो.

हृदयासाठी रोज घेतात त्या ७५ मिलिग्रॅम ऍस्पिरिनचा इथे काडीचा उपयोग नाही. शुगरवर परिणाम दिसला तो दिवसाला सुमारे ७ ग्रॅमला. ७५ च्या गोळ्यांत मांडायचं तर नव्वदच्या वर. तेवढ्याने कानात शिट्टी वाजायला लागते, पोटातून रक्त जाऊ शकतं. आणि एक बारीक पण घातक गोष्ट: दंडावर लावून शुगर मोजणाऱ्या जुन्या लिब्रे सेन्सरच्या माहितीपत्रकातच लिहिलंय की सॅलिसिलेटमुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसू शकतो. म्हणजे औषध लागू पडलंय असं सेन्सर सांगेल आणि बोटाचं रक्त वेगळं सांगेल. अशा चाचणीत असाल तर सुरुवातीचे आठवडे दिवसातून दोनदा बोट टोचून ताडून बघा. सॅलिसिलेट शरीरातून इन्सुलिन बाहेर पडण्याचा वेगही कमी करतं, त्यामुळे युनिट कमी लागले तर तो सूज उतरल्याचा पुरावा ठरत नाही.

इंटरल्युकिन-१ अडवणारी सुई

इंटरल्युकिन-१ हा सूज पेटवणारा शरीरातला निरोप. सूज उतरवणाऱ्या औषधांपैकी टाइप वनमध्ये दाद वाढल्याचा थेट पुरावा यातच आहे, आणि तोही चिमूटभर. नेदरलँड्समध्ये जुना टाइप वन, जास्त वजन आणि साडेसातच्या वर एचबीए१सी असलेल्या चौदा जणांना अनाकिन्रा ही सुई १०० मिलिग्रॅम रोज, एक आठवडा दिली. दाद सुधारली आणि चार आठवडे टिकली, युनिटही कमी लागले. पण निष्क्रिय औषधाचा गट नव्हता, आणि आपल्यावर कुणाचं लक्ष आहे म्हटल्यावर माणूस आपोआप नीट वागतो. नव्याने टाइप वन झालेल्यांत हेच औषध इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी वाचवायला वापरलं तेव्हा, २०१३ मध्ये, काही हाती लागलं नाही. तो प्रश्न वेगळा होता. बॅरिसिटिनिब या सूज उतरवणाऱ्या गोळीचं नाव ऐकून येणाऱ्यांनीही हा फरक लक्षात घ्यावा: २०२३ च्या चाचणीत ९१ जणांत त्याने उरलेल्या बीटा पेशी टिकवायला मदत केली, तीही निदानाला शंभर दिवस व्हायच्या आत सुरू केल्यावर. दहा वर्षांच्या जुन्या टाइप वनला त्याचा संबंध नाही. या सगळ्या औषधांत जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. छातीचा एक्स-रे आणि दडलेल्या टीबीची तपासणी न करता कुणी सुरू करू म्हटलं तर तिथूनच परत फिरा.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आणि कोल्चिसिन

मलेरिया आणि सांध्यांवरचं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन भारतात २०१४ पासून टाइप टूसाठी इतर गोळ्यांना जोड म्हणून मान्य आहे, म्हणून ओळखीच्या डॉक्टरांकडून ते मिळणं सोपं. टाइप वनसाठी मान्यता नाही. सुरुवातीच्या टप्प्यातल्या २७३ जणांत टाइप वन पुढे सरकणं त्याने रोखलं नाही. डोसची मर्यादा किलोमागे ५ मिलिग्रॅम. ५२ किलोच्या मुलीला २६० च्या वर नको, आणि टाइप टूला सर्रास देतात ते ४०० चं. जास्तीचं वर्षानुवर्षं गेलं तर डोळ्याच्या पडद्यावर जमतं, आणि मधुमेहाने आधीच बिघडलेल्या पडद्यावर कुठला डाग कशाचा ते नेत्रतज्ज्ञालाही सांगणं अवघड जातं.

गाउटवरचं कोल्चिसिन हृदयविकारात कामाचं ठरलंय. मेटाबॉलिक सिंड्रोमच्या (कंबर, बीपी, शुगर, रक्तातली चरबी एकत्र बिघडलेल्या) ४० जणांत तीन महिने दिल्यावर सुजेचा आकडा उतरला, दाद मात्र ठळक सुधारली नाही. याची बाजू एवढीच.

हळद, आणि दुखण्याची पुडी

सांगलीत हा प्रश्न येणारच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, घरोघरी पूड आहे. थायलंडमध्ये मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या २४० जणांना नऊ महिने दिवसाला दीड ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तेव्हा मधुमेह होणं थांबलेलं दिसलं. पण ते टाइप टूच्या वाटेवरचे लोक होते. पुडीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के, म्हणजे दीड ग्रॅमला पन्नास ग्रॅम पूड, सोळा-सतरा चमचे. फोडणीतल्या चिमटीने ते होत नाही. कॅप्सूल घ्यायचीच तर मिरीचा अर्क घातलेली टाळा. तो इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतो, आणि हळदीच्या अर्काने यकृत बिघडल्याच्या नोंदी आहेत.

सूज उतरवण्यात स्टेरॉइडच्या तोडीचं काही नाही, आणि इन्सुलिनची दाद मोडण्यातही नाही. सांधे धरले म्हणून घेतलेल्या निनावी पुडीत किंवा ‘ताकदीच्या’ इंजेक्शनात कित्येकदा तेच असतं. दोन दिवसांत दुपारनंतरची शुगर ३०० च्या पुढे आणि उपाशीपोटी मात्र बरी, असं चित्र दिसलं तर पुडी आधी दाखवा. ब्रुफेन, डायक्लोफेनॅकने दाद वाढत नाही. बीपीची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना तीच किडनीला झटका देते.

मेटफॉर्मिन

हे सूज उतरवणारं औषध नव्हे, पण तुलना याच्याशीच करायला हवी, कारण स्वस्त आहे आणि टाइप वनमध्ये नीट तपासलं गेलंय. चाळिशीवरच्या ४२८ जणांना तीन वर्षं एक ग्रॅम दोनदा दिलं, निकाल २०१७ चा. एचबीए१सी पहिल्या तीन महिन्यांत उतरला आणि नंतर फरक राहिला नाही. वजन साधारण सव्वा किलोने कमी, एलडीएल थोडं कमी, बी-१२ ची कमतरता जास्त. जास्त वजनाच्या १४० किशोरांतही सहा महिन्यांनी एचबीए१सीत फायदा दिसला नाही, युनिट मात्र कमी लागले. आणि २०१८ मध्ये ४८ तरुणांवर केलेल्या नेमक्या मोजणीत तीन महिन्यांनी दाद खरोखर सुधारली होती.

दाद वाढली तरी एचबीए१सी का उतरला नाही, हे कोडं वाटतं. माणूस शुगर लो व्हायला लागली की युनिट कमी करतो, त्यामुळे सरासरी जिथे होती तिथेच राहते, फक्त कमी इन्सुलिनवर. तुम्हाला काय हवंय, यावर निवड ठरते. एचबीए१सी उतरवायचा असेल तर पैसा आणि वेळ जेवणाआधीच्या डोसच्या वेळेवर, सेन्सरवर घालवा. युनिट आणि वजन आटोक्यात हवं असेल, किडनीचा ईजीएफआर (ती रक्त किती गाळते त्याचा आकडा) ४५ च्या वर असेल, तर मेटफॉर्मिनला तीन महिने द्या: जेवणानंतर ५०० ने सुरुवात, दर आठवड्याला एक पायरी, वर्षातून एकदा बी-१२. सूज उतरवणारं औषध हवं असेल तर आज ते फक्त चाचणीतच घ्यावं, मेडिकलच्या काउंटरवरून नको. यातल्या कशानेही इन्सुलिन बंद होत नाही.

चाचणीत जायचंच ठरलं तर

नोंदणी क्रमांक विचारा. भारतात २००९ पासून सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत नोंद सक्तीची आहे. संमतीपत्र मराठीत मागा, एक प्रत घरी आणा. इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, ते त्यात लिहिलेलं असतं. ओलांडती रचना असेल, म्हणजे प्रत्येकाला काही काळ खरं आणि काही काळ खोटं औषध, तर बरं: औषध तुमच्या वाट्याला येतंच, आणि तुमची तुलना तुमच्याशीच होते. मधला मोकळा काळ किती ठेवलाय ते बघा, अनाकिन्राचा परिणाम चार आठवडे रेंगाळला होता. दाद कशाने मोजणार, हेही विचारा. वर दिलेल्या सूत्राने मोजणार असतील तर एचबीए१सी बदलला की उत्तर आपोआप बदलतं, त्यात नवं काही कळत नाही.

नेमकी मोजणी म्हणजे क्लॅम्प. आदल्या रात्री दाखल करून इन्सुलिनच्या सलाइनने शुगर एका पातळीवर आणतात. सकाळी एका हातात ठरलेल्या वेगाने इन्सुलिन आणि २० टक्के डेक्स्ट्रोज, दुसरा हात उबेत ठेवून दर पाच मिनिटांनी रक्त. शुगर ९०-१०० वर धरून ठेवायला शेवटच्या अर्ध्या तासात किती ग्लुकोज लागलं, तेच तुमचं शरीर किती दाद देतं त्याचं माप. सगळं मिळून एक रात्र आणि दुपारपर्यंतचा दिवस, असं किमान दोनदा. सोय मोजक्या संशोधन केंद्रांतच असते; पुणं गाठायचं तर साताऱ्याहून ११० किलोमीटर, सांगलीहून सव्वादोनशेच्या पुढे. मोजणी संपल्यावरही इन्सुलिन अंगात उतरत असतं. पोटभर जेवून, तासाभराने दोनदा शुगर बघूनच निघा, गाडी दुसऱ्याच्या हातात द्या आणि ग्लुकोजची पुडी वरच्या खिशात ठेवा; खंबाटकीच्या घाटात बॅग उघडायला वेळ मिळत नाही.