अमेरिकी ‘प्रायमरी’चा अंदाज बांधायला शिकवणारा वर्ग : एक परीक्षण

सदाशिव पेठेत, टिळक रस्त्यापासून दोन गल्ल्या आत, जुना वाडा पाडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असा एक वर्ग भरतो, हे प्रथम कानावर आले तेव्हा मला ती थट्टाच वाटली. अमेरिकेतील राज्यांच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत ज्या निवडणुका होतात, त्यांचे निकाल आधी कसे ओळखावेत, हे तिथे चार रविवार, सकाळी साडेनऊ ते साडेबारा, शिकवतात. शुल्क 1,800 रुपये असून त्यात स्पायरल बांधणीच्या टिपणांची एक वही आणि दोन वेळचा चहा येतो. संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक एकटेच शिकवतात. आम्ही सतरा जण होतो. त्यांतल्या निम्म्यांची मुले तिकडे स्थायिक झालेली, काही हिंजवडीत अमेरिकी कंपन्यांची कामे करणारे तरुण, दोघी ॲक्चुअरीच्या, म्हणजे विम्यातल्या जोखमीच्या गणिताच्या, परीक्षा देणाऱ्या मुली, आणि मी, म्हणजे बँकेतून निवृत्त झालेला आणि आकडे दिसले की हात शिवशिवणारा माणूस.

आधी टिपणांविषयीची तक्रार नोंदवतो, म्हणजे ती मनातून जाईल. वहीत सर्वत्र ‘राज्यपाल’ आणि ‘प्राथमिक निवडणूक’ असे शब्द वापरले आहेत. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि त्यांना कोणी मते देत नाही. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडलेला असतो आणि राज्याचा कारभार प्रत्यक्ष तोच चालवतो, त्यामुळे तुलनाच करायची तर ती मुख्यमंत्र्यांशी करावी लागेल. ‘प्राथमिक’ म्हटले की मला तरी प्राथमिक शाळा आठवते. गव्हर्नर आणि प्रायमरी हे शब्द वाचकाला कळतात, ते तसेच ठेवावेत. सर बोलताना हेच शब्द वापरत होते, मग वहीने सोवळे पाळण्याचे कारण काय, हे मला समजले नाही.

प्रायमरी म्हणजे काय, हे मात्र सरांनी पाच मिनिटांत आणि फार चांगले सांगितले. आपल्याकडे उमेदवारी कोणाला द्यायची हे वरचे नेते ठरवतात, इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात आणि ए-बी फॉर्म कोणाच्या हातात पडतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. तिकडे तोच फॉर्म, म्हणायचे झाले तर, मतदार मतपेटीतून देतात. म्हणजे एका पक्षाचेच पाच-सहा लोक एकमेकांविरुद्ध उभे असतात. चिन्ह पाहून मत देण्याची सोय तिथे मतदाराला नसते, म्हणून त्याचे मन शेवटच्या आठवड्यापर्यंत बदलत राहते. मतदानही नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीपेक्षा बरेच कमी होते, त्यामुळे जनमत चाचणी घेणाऱ्याला आधी ‘मत द्यायला नक्की कोण जाणार’ याचाच अंदाज करावा लागतो. प्रायमरीच्या चाचण्या अधिक चुकतात, त्यामागे ही कारणे आहेत.

या वर्गाचा जीव आहे तो पाकिटांच्या खेळात. प्रत्येक बाकावर खाकी रंगाचे एक बंद पाकीट असते आणि वर एका जुन्या प्रायमरीतील चाचण्यांचा तक्ता टाचलेला असतो. त्यावर राज्य नाही, वर्ष नाही आणि उमेदवारांची नावेही नाहीत, नुसती अ, ब, क, ड ही अक्षरे. आपण प्रत्येकाच्या विजयाची शक्यता टक्क्यांत लिहायची, सही करायची आणि मगच पाकीट फोडायचे. माझ्या पहिल्या तक्त्यात ‘अ’ बहुतेक चाचण्यांत पुढे होती, ‘ब’ने पैसा ओतला होता आणि ‘क’ तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर रेंगाळत होता. मी ‘अ’ला 70 टक्के दिले, शेजारच्या तरुणाने 95. पाकिटातून निघाली ती फ्लोरिडातील डेमोक्रॅटिक पक्षाची 2018 ची प्रायमरी. ‘अ’ म्हणजे अमेरिकी काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, माजी सदस्य आणि माजी गव्हर्नरांच्या कन्या ग्वेन ग्रॅहम. त्यांना सुमारे 31 टक्के मते पडली, तर ‘क’ म्हणजे टॅलहासीचे महापौर अँड्र्यू गिलम सुमारे 34 टक्के मते घेऊन जिंकले.

मग सरांनी फळ्यावर आमचे गुण मांडले. पद्धत सोपी आहे : घटना घडली तर 1, नाही घडली तर 0 धरायचे, त्यातून आपण दिलेली शक्यता वजा करायची आणि येणाऱ्या फरकाचा वर्ग करायचा. आकडा जितका लहान तितके चांगले. माझे 0.49 आले, शेजाऱ्याचे 0.9025. डोळे मिटून ‘50 टक्के’ लिहिणाऱ्यालाही 0.25 च पडले असते, हे कळल्यावर वर्गात जी शांतता पसरली तिच्यातच निम्मे शुल्क वसूल झाले असे मी मानतो. ही मोजणी ग्लेन ब्रायर यांनी 1950 मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी सुचवली. ते सांगून सर म्हणाले, ‘सिमला ऑफिसला हसणाऱ्यांनी आधी स्वतःचा ब्रायर काढावा.’ हवामान खात्याचे मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि पुढे दिल्लीला गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या इमारतीचे नाव आणि तिच्यावर होणारे विनोद पुण्यात अजून टिकून आहेत.

दुसऱ्या रविवारी न्यू जर्सीची 2025 ची डेमोक्रॅटिक प्रायमरी होती आणि तिथे टिपणांपेक्षा आमच्यातल्या एका काकूंनी अधिक शिकवले. त्यांची मुलगी एडिसनमध्ये राहते आणि तिथली मतदार आहे. पूर्वी तिथल्या बहुतेक काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, पक्षाच्या स्थानिक संघटनेने उचलून धरलेले उमेदवार मतपत्रिकेवर एकाच ओळीत छापले जात आणि बाकीचे कुठेतरी कडेला पडत. या वेळी सगळी नावे पदानुसार एकत्र होती, असे मुलीने फोनवर सांगितल्याचे काकू म्हणाल्या. या ‘काउंटी लाइन’ला 2024 च्या मार्चमध्ये संघीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरता मज्जाव केला होता आणि तिच्याविना झालेली गव्हर्नरपदाची पहिली प्रायमरी ती हीच. सहा उमेदवारांत मिकी शेरिल सुमारे 34 टक्के मते घेऊन जिंकल्या. शिक्षक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष शॉन स्पिलर यांच्यासाठी संघटनेशी संबंधित गटाने कोट्यवधी डॉलर खर्च केले होते, तरी ते पाचवे आले. पैशाचा रकाना तक्त्यात किती जपून वाचावा, हे त्या एका उदाहरणावरून कळते.

माझा खरा आक्षेप तिसऱ्या रविवारच्या तासावर आहे. विषय होता बड्या नेत्याच्या पाठिंब्याचा, म्हणजे मुख्यतः ट्रम्प यांच्या. विजयाची शक्यता काढण्याच्या सरांच्या सूत्रात पाठिंब्यासाठी एक ठरावीक आकडा अधिक करायचा असतो. उदाहरण दिले ते 2018 च्या जॉर्जियाचे. रिपब्लिकन प्रायमरीच्या पहिल्या फेरीत केसी केगल यांना सुमारे 39 टक्के आणि ब्रायन केम्प यांना 26 च्या आतबाहेर मते होती. दुसऱ्या फेरीच्या सहा दिवस आधी ट्रम्प यांनी केम्प यांना पाठिंबा दिला आणि केम्प 69 विरुद्ध 31 असे जिंकले. ऐकायला छान वाटते, पण दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात, बाद झालेल्या एका उमेदवाराने केगल यांचे खासगी संभाषण गुपचूप ध्वनिमुद्रित करून बाहेर काढले होते, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात धरायचा? शिवाय 2022 मध्ये त्याच जॉर्जियात ट्रम्प यांचा पाठिंबा डेव्हिड पर्ड्यू यांना होता आणि केम्प यांनी त्यांना सुमारे 74 विरुद्ध 22 असे हरवले. मिसुरीत 2024 मध्ये तर ट्रम्प यांनी तिन्ही प्रमुख उमेदवारांना पाठिंबा दिला होता. तिथे सरांचे सूत्र प्रत्येकाला सारखेच गुण वाटत बसेल. मी हे वर्गात बोललो. सरांनी न रागावता ऐकून घेतले, एवढेच नव्हे तर मिसुरीचे उदाहरण फळ्यावर लिहून ठेवले. याच तासाला प्रोजेक्टर बंद पडला आणि उरलेला दीड तास खडूवर चालला. तो दीड तास चारही रविवारांतला सर्वांत चांगला होता.

नियमांना शेवटचा रविवार ठेवला आहे, ही या अभ्यासक्रमाची मोठी चूक आहे, कारण नियम माहीत नसतील तर चाचणीतल्या आकड्याला अर्थच येत नाही. गिलम 34 टक्क्यांवर उमेदवार झाले, कारण फ्लोरिडात आता दुसरी फेरी होत नाही. केगल 39 टक्क्यांवरही अडकले, कारण जॉर्जियात निम्म्याहून जास्त मते लागतात. कॅलिफोर्नियात पक्ष कोणताही असो, पहिले दोघे पुढे जातात, म्हणून तिथे ‘आपल्या पक्षात पहिला कोण’ हा प्रश्नच अपुरा पडतो. पेनसिल्व्हेनियात फक्त त्या पक्षाचे म्हणून नोंद असलेले मतदार मत देतात. हे सगळे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर पाकिटे फोडताना आमची निम्मी फजिती टळली असती. आणि नाव मतपत्रिकेवर येणार का, हा तर त्याहून आधीचा प्रश्न. मिशिगनमध्ये 2022 साली रिपब्लिकन चाचण्यांत पुढे असलेले डेट्रॉइटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग यांच्यासह पाच उमेदवार, उमेदवारीसाठी मतदारांकडून गोळा केलेल्या सह्यांमध्ये बनावट सह्या निघाल्यामुळे बाद झाले. ही गोष्ट टिपणांत नाही.

काही निकालांपुढे हात टेकावे लागतात, हेही सरांनी लपवले नाही. कॅन्ससमध्ये 2018 साली तीन लाखांहून अधिक मतांत क्रिस कोबाक यांनी पदावर असलेल्या गव्हर्नरांना 343 मतांनी हरवले. असा निकाल आधी ओळखल्याचा दावा करणाऱ्याला सर ‘लॉटरीचे तिकीट लागलेला’ म्हणतात. एकाने हळूच सट्ट्याबद्दल विचारले, तेव्हा ‘त्यासाठी आला असाल तर शुल्क परत घेऊन जा’ असे ठणकावून सांगण्यात आले.

ज्यांना सरासरी आणि टक्केवारी यांची भीती वाटत नाही आणि स्वतःचे चुकलेले अंदाज सहीनिशी फायलीत ठेवण्याची तयारी आहे, त्यांनी 1,800 रुपये जरूर खर्च करावेत. निकालाची खात्रीशीर टीप हवी असणाऱ्यांनी रविवारची झोप मोडू नये. दुचाकी लावायला जागा मिळत नाही, त्यामुळे बसने यावे किंवा सव्वानऊच्या आत पोहोचावे. चहा बरा असतो. शेवटच्या दिवशी सगळ्या तक्त्यांची एक्सेल फाईल त्याच रात्री मेलवर पाठवण्याचे कबूल केले होते, ती अकरा दिवसांनी आली. टिपणांत पहिल्या फेरीतले केम्प आणि केगल यांचे आकडे उलटसुलट छापले गेल्याचे मी तिसऱ्या रविवारी दाखवले होते आणि सरांनी ते पेन्सिलीने दुरुस्तही केले होते. फाईलमध्ये ते अजून उलटेच आहेत.