तूर निघेपर्यंत अफिलिएट: घाटंजी तालुक्यातल्या गावातून वापरून पाहिल्यावर

सोयाबीनची पेरणी आटोपली तेव्हा अमेझॉनच्या अफिलिएट कार्यक्रमात नाव नोंदवलं. आता तूर घरात येऊन पडली आहे. मधल्या काळात यूट्यूबवर शेतीकामाच्या वस्तूंचे व्हिडिओ टाकत गेलो, त्यांच्याखाली लिंक दिल्या आणि खात्यावर पैसेही आले. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात बसून हे जमतं का, असं गावातली पोरं आणि बाहेरचे लोकही विचारतात. जमतं. पण ज्याला ओळखीच्या माणसाचा विश्वास सांभाळता येतो त्याच्याकडेच ते टिकतं, असं माझं ठाम मत झालं आहे. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो.

पद्धत सोपी आहे. कंपनी तुम्हाला तुमच्या नावाची खूण असलेली लिंक देते. त्या लिंकवरून कोणी वस्तू घेतली की ठरलेली टक्केवारी तुमच्या खात्यात मांडली जाते. अमेझॉनने अमेरिकेत हे १९९६ सालीच सुरू केलं होतं, म्हणजे यात नवीन काही नाही. टक्केवारी वस्तूच्या गटाप्रमाणे वेगळी असते आणि कंपनी ती बदलू शकते. नाव नोंदवल्यापासून १८० दिवसांत निदान तीन खऱ्या विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं. स्वतःच्या लिंकवरून स्वतः घेतलेली वस्तू मोजत नाहीत. लिंक कुठे कुठे टाकणार तेही आधी कळवावं लागतं. मी फक्त आपल्या चॅनेलवर टाकतो. गावच्या ग्रुपवर व्हिडिओ जातो, खरेदीची लिंक जात नाही.

आमच्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते चोवीस तासांच्या नियमावर. लिंक दाबल्यापासून चोवीस तासांत खरेदी झाली, किंवा निदान वस्तू कार्टमध्ये टाकली, तरच कमिशन मिळतं. शहरातला माणूस रात्री पाहतो आणि रात्रीच ऑर्डर देतो. आमचा कास्तकार रात्री व्हिडिओ पाहतो, सकाळी घरी विचारतो, साळ्याला फोन लावतो, आणि कापसाचा चुकारा हातात आला की मग पुण्यातल्या भाच्याच्या मोबाईलवरून वस्तू मागवतो. यात माझं कमिशन कुठेच राहत नाही. व्हिडिओ पाहून वस्तू घेतली असं सांगणारे मला पुष्कळ भेटतात, खात्यावर मात्र त्यातले थोडेच दिसतात. गावात राहून हे करणाऱ्याने हा फरक पहिल्या दिवसापासून हिशेबात धरावा. आपल्या कामाचा उपयोग किती झाला हे कमिशनच्या आकड्यावरून मोजायला गेलं तर माणूस महिनाभरात सोडून देईल.

दुसरी बाजूही आहे. त्या चोवीस तासांत माणसाने दुसरंच काही घेतलं तरी ते मोजलं जातं. माझ्या खात्यावर डोक्याला बांधायच्या बॅटरीच्या जोडीला कुकर आणि शाळेचं दप्तर दिसलं आहे. कोणी घेतलं ते दिसत नाही, फक्त वस्तू दिसते. लोकांना याची धास्ती असते, म्हणून मी ते मुद्दाम सांगतो.

शेजारच्या एका काकांनी मला एकदा बाजारातच गाठलं. "काऊन रे बाबू, तुह्या लिंकवरून घेतलं तं आम्हाले महाग पडते काय?"

"नाही ना काका. किंमत तेवढीच राहते."

"मंग कंपनी तुले पैसे कायचे देते?"

"गिऱ्हाईक आणून देल्याचे. कृषी केंद्रवाल्याले कंपनी कमिशन देते ना, तसंच."

"हाव, मंग तसं पयलेच सांगत जाय ना बाप्पा सगळ्याइले. लपवाले काय हाये त्याच्यात?"

त्यांचं म्हणणं कायद्यालाही धरूनच आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, त्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली, आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खास सोशल मीडियावरच्या लोकांसाठी सूचना काढल्या. पैसे, भेटवस्तू, फुकटचा माल, असं काहीही मिळत असेल तर ते ठळक आणि साध्या शब्दांत सांगायचं, आणि ज्या भाषेत वस्तूबद्दल बोलता त्याच भाषेत सांगायचं. दिशाभूल केली तर दंड पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुढच्या वेळी ५० लाखांपर्यंत होऊ शकतो. बरेच मराठी चॅनेल हा खुलासा वर्णनाच्या तळाशी इंग्रजीत टाकून मोकळे होतात. ज्याच्यासाठी तो लिहायचा त्यालाच तो वाचता येत नाही, हे मला पटत नाही. मी व्हिडिओच्या सुरुवातीला आपल्या बोलीत बोलतो: "खालच्या लिंकवरून घेतलं तं मले कंपनीकडून थोडे पैसे भेटते. तुमाले जास्त द्या लागत नाही." कंपनीला हवं असलेलं ठरावीक वाक्य खाली लिहिलेलं असतंच.

आता ज्या व्हिडिओने खरोखर चालना दिली त्याबद्दल. टिपेश्वरचं अभयारण्य आमच्यापासून फार लांब नाही. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) रातोरात वावर साफ करतात. हरभरा उगवला की कुडकुडत मचाणावर जागल करावी लागते. म्हणून सोलरची झटका मशीन, म्हणजे वावराभोवतीच्या तारेत झटका सोडणारी मशीन, स्वतःच्या पैशाने घेतली. प्लेट, बॅटरी धरून बारा हजारांच्या आत बसली, तार आणि बांबू वेगळे. जोडणीचा व्हिडिओ टाकला. तसे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे तो फारसा चालला नाही. मात्र पुढे मी त्याच मशीनचे व्हिडिओ हंगामभर टाकत राहिलो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर तारेखालचं गवत वाढून तारेला टेकलं. ओलं गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो आणि झटका मिळमिळीत होतो. मोबाईल तारेजवळ धरून मी तो टिकटिक आवाज ऐकवला. गवत असतानाचा कमजोर, आणि तिथेच विळ्याने धुऱ्यावरचं गवत छाटल्यावरचा खणखणीत. पुढे मशीनच्या डब्याला वायर जाण्यासाठी असलेल्या भोकातून पाणी शिरून मशीनचा धोक्याचा भोंगा बंद पडला. भोक खालच्या बाजूला येईल असा डबा उलटा टांगल्यावर पुन्हा त्रास झाला नाही. दिवाळीनंतर काळ्या जमिनीला भेगा पडायला लागल्या आणि अर्थिंग ढिलं झालं. कंपनीच्या कागदात एकच सळई सांगितली आहे. मी अंतर ठेवून तीन ठोकल्या, मीठ-कोळसा भरला आणि आठवड्याला बादलीभर पाणी ओततो. हे सगळं दाखवलं. माकडांवर ही मशीन चालत नाही, ती उडी मारून आत येतात, हेही स्पष्ट सांगितलं. ज्यांच्या वावरात फक्त माकडांचा त्रास आहे त्यांनी पैसे घालू नयेत असं म्हटलं.

याच व्हिडिओंवर सगळ्यात जास्त प्रश्न आले. क्लच वायर चालते का, किती एकराला एक मशीन पुरते, ढगाळ दिवसांत बॅटरी किती रात्री टिकते. प्रत्येकाला उत्तर दिलं. विक्रीही इथूनच झाली. भरलेल्या पावसाळ्यात मशीन कशी वागते हे विकणारा दाखवत नाही, आणि कास्तकाराला नेमकं तेच पाहायचं असतं.

एक गोष्ट प्रत्येक व्हिडिओत सांगतो, इथेही सांगतो. झटका मशीनचा करंट साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच येतो, म्हणून जनावर दचकून मागे फिरतं. काही जण पैसे वाचवायला थेट लाइनचा करंट तारेत सोडतात. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसं मेली आहेत, जनावरं मेली आहेत. माझ्या व्हिडिओच्या नादाने कोणी तसं करू नये, ही जबाबदारी लिंक टाकणाऱ्याची आहे असं मी मानतो. तारेवर धोक्याची पाटी लावायची तीही दाखवली.

फवारणीच्या सामानाच्या बाबतीत मी याहून कडक आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दवाखान्यात भरती झालेल्यांची संख्या कितीतरी मोठी होती. ज्या जिल्ह्याने हे पाहिलं तिथे पंपाची लिंक टाकताना हात जपूनच चालवला पाहिजे. पंपाच्या व्हिडिओत मास्क, चष्मा, हातमोजे घातल्याशिवाय मी उभाच राहत नाही, आणि पंपाच्या आधी त्यांची लिंक ठेवतो. कीटकनाशकाची लिंक टाकत नाही. बंदी असलेल्या तणनाशक-सहनशील कपाशीच्या बियाण्याबद्दल विचारणारेही येतात, त्यांना सरळ नाही म्हणतो. एका टॉनिकवाल्या कंपनीचा फोन आला होता. नेहमीच्या कमिशनच्या कितीतरी पट देतो, दोन मिनिटं बोला, पऱ्हाटीला बोंडं दुप्पट लागतात असं म्हणा. मी एक हंगाम अर्ध्या वावरात वापरून, उरलेल्या अर्ध्याशी ताडून मगच बोलेन म्हटलं. पुन्हा फोन आला नाही.

कृषी केंद्राशी आपली स्पर्धा आहे असं समजणं चुकीचं आहे. तो दुकानदार तूर निघेपर्यंत उधारी देतो. नोझल बिघडला तर हातात बदलून देतो. ऑनलाइन यातलं काहीच होत नाही. बऱ्याच गावांच्या पिनकोडवर जड वस्तू येतच नाही, तालुक्याला जाऊन आणावी लागते, परत पाठवायची असली तर आणखी हाल. म्हणून व्हिडिओत मी दोन्ही बाजू ठेवतो. बॅटरीवरचा पंप तालुक्याच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्या असं सांगतो, कारण त्याला दुरुस्ती लागतेच. डोक्याची बॅटरी, ताडपत्री, सुरक्षा किट ऑनलाइन बरं पडतं. पंपाचं कमिशन जातं हे खरं, पण तेच लोक दुसऱ्या वस्तूला लिंक शोधत येतात. आमच्या तालुक्यातला एक दुकानदार आता स्वतः गिऱ्हाइकाला माझा नोझलचा व्हिडिओ दाखवतो.

गावातल्या एका पोराने सुचवलं होतं की कमिशनचे अर्धे पैसे घेणाऱ्याला परत देऊ, म्हणजे सगळे आपल्याच लिंकवरून घेतील. कंपनीच्या नियमात ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. शिवाय मग माणूस वस्तू पाहून घेत नाही, परतावा पाहून घेतो.

पैशाचं थोडक्यात. पहिले काही महिने रिचार्जचा खर्चही निघाला नाही. आता साधारण महिन्याला अडीच-तीन हजार पडतात. दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये त्याच्या दुपटीच्या वर गेले होते. महिना संपल्यावर पैसे खात्यात यायला साधारण साठ दिवस लागतात. दिवाळीचे पैसे हरभऱ्याला पाणी देताना येतात म्हणा. वस्तू परत गेली किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल कोणी घेतलंच नाही, तर ते कमिशन वजा होतं, आणि आमच्याकडे ऐनवेळी पैसे नसल्याने पार्सल परत जाण्याचं प्रमाण बरंच आहे. कमिशनवरचा टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, ऑक्टोबर २०२४ पासून ५ चा २ टक्के झाला, आणि एप्रिल २०२५ पासून वर्षाला २० हजारांपर्यंतच्या कमिशनवर तो कापायचा नाही. पॅन दिला नाही तर २० टक्के कापतात. हे उत्पन्न शेतीचं नाही, म्हणून रिटर्नमध्ये वेगळं दाखवावं लागतं. रिटर्न भरला की पीएम किसानचे पैसे बंद होतात ही भीती गावोगाव आहे. अपात्र ठरतो तो प्रत्यक्ष आयकर भरलेला माणूस. शून्य कराचा रिटर्न भरल्याने कोणी अपात्र होत नाही.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो कोर्सवाल्यांच्या नादी लागलेल्या पोरांसाठी. "अफिलिएट शिका, घरबसल्या लाख कमवा" म्हणून काही हजारांचा कोर्स गळ्यात मारतात. आत गेल्यावर कळतं की विकायची वस्तू म्हणजे तोच कोर्स, आणि गिऱ्हाईक म्हणजे मामा, मावसभाऊ, वर्गमित्र. एकाला आणलं की कमिशन, त्याने दुसऱ्याला आणलं की आणखी थोडं. माणसं जोडण्यावर पैसे देणाऱ्या अशा पिरॅमिड योजनांवर डिसेंबर २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी घातली आहे. खऱ्या अफिलिएट कार्यक्रमात नाव नोंदवायला एक रुपया लागत नाही. कोणी आधी पैसे मागितले की तिथूनच परत फिरावं. ओळखीच्या दहा घरांत एकदा नाव खराब झालं, की पुढे चांगली वस्तू दाखवली तरी कोणी ऐकत नाही. गाव सोडून जाता येत नाही आपल्याला.

ज्याच्याकडे वापरून पाहायला वावर, गोठा, स्वयंपाकघर, शिवणयंत्र असं काही हाताशी आहे, आणि बोलायला आवडतं, त्याने जरूर सुरू करावं. नोकरी किंवा शेती सोडून याच्या भरवशावर बसू नये. मी चालू ठेवणार आहे. उन्हाळ्यात ती तीन सळयांची अर्थिंग कोरड्या जमिनीत किती धरते ते दाखवायचं आहे, आणि खरिपाच्या आधी तीन वेगवेगळे मास्क घालून प्रत्येकी दिवसभर फवारणी करून पाहायची आहे. तोपर्यंत त्यातला कोणता मास्क चांगला असं कोणी विचारलं तर थांबा म्हणतो.