छातीत पाणी: एक्स-रे की सोनोग्राफी?

फोंड्याच्या वहिनी विचारतात, बाबांच्या छातीत पाणी झालंय म्हणे, एक्स-रे पुरे की सोनोग्राफीही करू?

एक्स-रे स्वस्त आणि झटपट. पण उभ्याने काढलेल्या फिल्मवर साधारण 200 मिली साचल्याशिवाय पाणी नीट दिसत नाही. सोनोग्राफीला बरंच कमी पुरतं, खाटेपाशीही होते, शिवाय सुई कुठे घालायची तेही दाखवते. मात्र वाढलेलं हृदय, न्यूमोनिया, क्षयाचे डाग एका नजरेत दिसतात ते एक्स-रेतच. कारणाचा माग बहुधा काढलेल्या पाण्यातूनच लागतो: हृदयामुळे साचलेल्यात प्रथिनं कमी, क्षयात जास्त.

नुकता दम लागू लागलाय, तर आधी एक्स-रे. पाणी काढायचंय, तर सोनोग्राफी हवीच. बसूनही श्वास पुरत नसेल तर दोन्ही राहू द्या, 108 ला फोन करा.