उशीला नऊ गुण, गादीला पाच

मुलगा सात वर्षांचा, दमेकरी. हातावर टोचून केलेल्या ॲलर्जी चाचणीत डस्ट माइटचा, म्हणजे धुळीतल्या किड्यांचा फोड सगळ्यात मोठा आला. हे डोळ्यांना दिसत नाहीत, आपल्या अंगाचा कोंडा खातात आणि दमट हवेत माजतात. त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. आमचं चिपळूण, त्यात सासूबाईंच्या कापसाच्या गाद्या. पंगतच मांडलेली!

म्हणून मार्चमध्ये चहूबाजूंनी झिपने बंद होणारी कव्हरं ऑनलाइन मागवली. एक गादीचं, दोन उशांची, मिळून २,३४० रुपये.

उशीची कव्हरं झकास. दाट विणीचं कापड, तरी गुदमरल्यासारखं होत नाही. वरून नेहमीचा अभ्रा घातला की कळतही नाही.

गादीच्या कव्हराने मात्र घाम काढला. माप फोमच्या गादीचं. आमची कापसाची मध्ये फुगलेली, कडेला चपटी. मी गादीवर बसले, नवऱ्याने झिप ओढली, तर रनर त्याच्या हातात. शिंप्याने ४० रुपयांत बसवून दिला. झिप संपते तिथे दोन बोटांची फट उरते, तिच्यावर चिकटपट्टी मारलीय. विक्रेत्याचं उत्तर: वापरलेला माल परत घेत नाही. शिवाय कूस बदलली की पहिले पंधरा दिवस पापड मोडल्यासारखा आवाज.

"दरवर्षी पिंजून घेतली की झालं, ही थेरं कशाला?" असं सासूबाईंचं म्हणणं. एप्रिलमध्ये त्यांची गादी अंगणात पिंजली, पोरगं बघत उभं राहिलं आणि रात्री निळा पंप, म्हणजे धाप लागल्यावर लगेच आराम देणारा, स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी) लावून द्यावा लागला. आता पिंजारी येणार असेल त्या दिवशी तो मामाकडे.

नुसत्या कव्हराच्या भरवशावर राहू नका. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कढत पाण्यात, साधारण ६० अंशांच्या, धुवायचे असतात. आमच्या मशीनला हीटर नाही, पण बंब आहे. कापडी ससा महिन्यातून एकदा पिशवीत बांधून दिवसभर फ्रीजरमध्ये, कोलंबीच्या शेजारी, आणि मग धुऊन वाळत. फ्रीजरमध्ये किडे मरतात, पण घाण तशीच राहते. लादी कोरडी झाडत नाही, ओल्या फडक्याने पुसते. आणि डॉक्टरांनी दिलेला रोजचा पंप चालूच आहे, तो कव्हरामुळे सुटत नाही.

रात्रीचा खोकला बराच कमी झालाय. पण मच्छर अगरबत्ती त्याच आठवड्यात बंद करून मच्छरदाणी लावली, सासूबाईंचा धूपही तुळशीपाशी गेला. त्यामुळे श्रेय नेमकं कुणाला द्यायचं, ते मला सांगता येणार नाही.

उशीची आणखी दोन मागवलीत. गादीचं दुसरं घेतलंच, तर आधी गादीची जाडी मध्यभागी मोजेन, कडेला नाही.