अमेरिकी मतदाराला बाई चालते का? एएनईएस ही फुकटची डेटासेवा वापरून बघताना

‘अमेरिकेला बाई चालत नाही’ हे वाक्य २०१६ साली हिलरी क्लिंटन हरल्यावर एकदा आणि २०२४ साली कमला हॅरिस हरल्यावर पुन्हा एकदा आपल्याकडे चहाच्या टेबलावर पक्कं झालं. त्यावरचं गोव्याचं उत्तरही ठरलेलं: आमच्याकडे १९७३ सालीच शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या! दोन्ही वाक्यांची अडचण एकच. निकालावरून कोण जिंकलं ते कळतं, मतदाराच्या डोक्यात काय होतं ते कळत नाही. ताईंनंतर गोव्यात महिला मुख्यमंत्री झाली नाही, २०२२ च्या चाळीस जणांच्या विधानसभेत तिघीच निवडून आल्या. पण एवढ्यावरून गोंयकार मतदाराला दोष द्यायचा तर आधी तिकिटं किती जणींना मिळाली ते विचारावं लागेल. अमेरिकेत निदान मतदाराला बसवून विचारलेली उत्तरं जपून ठेवली आहेत आणि ती कुणालाही मिळतात.

ही सेवा म्हणजे अमेरिकन नॅशनल इलेक्शन स्टडीज, थोडक्यात एएनईएस. मिशिगन आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांकडे तिचा कारभार आहे आणि मालिका १९४८ पासूनची. अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी त्याच माणसांची मतदानाआधी एक आणि मतदानानंतर एक अशी दोनदा मुलाखत होते. २०२० साली आधीच्या फेरीत ८,२८० जण होते, नंतरच्या फेरीत ७,४४९. पैसे लागत नाहीत. इलेक्शनस्टडीज डॉट ऑर्गवर ईमेल देऊन खातं उघडायचं, वर्ष निवडायचं, फाइल उतरवायची. एसपीएसएस, स्टाटा (ही दोन आकडेवारीची सॉफ्टवेअरं) आणि सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) यांतलं जे चालतं ते घ्या, पण कोणता रकाना आणि कोणता आकडा म्हणजे काय ते सांगणाऱ्या कोडबुकाची पीडीएफ त्याच बैठकीत उतरवून ठेवा. कोडबुक नसेल तर ती फाइल म्हणजे नुसत्या आकड्यांचा ढिगारा.

पहिला धक्का फाइल उघडल्यावर बसतो. सगळी वर्षं एकत्र केलेली जी मोठी फाइल आहे, तिची २०२० पर्यंतची आवृत्ती ६८,२२४ ओळी आणि १,०३० रकान्यांची आहे. एक्सेलमध्ये ती मावते. लिब्रेऑफिस ७.४ पेक्षा जुनं असेल तर तिथे रकान्यांची मर्यादा १,०२४ होती, म्हणजे शेवटचे सहा रकाने कापले जातात. कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती पडून असते, तेव्हा एवढं तपासूनच बसा. नवशिक्यांनी मोठ्या फाइलच्या वाटेला आधी जाऊच नये. २०२० ची सुटी फाइल घ्यावी.

तिच्यात करून बघायचा पहिला प्रयोग असा. व्ही२०१६०० हा रकाना लिंगाचा: १ पुरुष, २ स्त्री. व्ही२०२०७३ हा अध्यक्षपदासाठी मत कुणाला दिलं त्याचा: १ बायडन, २ ट्रम्प. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (दोन रकाने एकमेकांसमोर मांडणारा तक्ता) उघडून पहिला ‘कॉलम्स’मध्ये टाका, दुसरा ‘रोज’मध्ये. आता ‘व्हॅल्यूज’मध्ये बहुतेक जण डोकी मोजतात आणि तिथेच चुकतात. तिथे व्ही२०००१०बी या रकान्याची बेरीज टाकायची. हे प्रत्येक माणसाचं वजन आहे. सर्वेक्षणाला जास्त शिकलेले लोक जास्त उत्साहाने उत्तरं देतात, त्यामुळे नमुना कलंडतो; वजन तो सरळ करतं. शेवटी बी असलेलं वजन मतदानानंतरच्या प्रश्नांसाठी, ए असलेलं आधीच्या प्रश्नांसाठी. मग मताच्या रकान्यात ऋण आकडे दिसतील ते सगळे गाळा: उणे ९ म्हणजे उत्तर नाकारलं, उणे ८ म्हणजे माहीत नाही, उणे ६ म्हणजे दुसरी मुलाखतच झाली नाही, उणे १ म्हणजे प्रश्न लागू नाही. शेवटी रकान्यानुसार टक्के काढा. एक्झिट पोलात बायडन यांना महिलांची ५७ आणि पुरुषांची ४५ टक्के मतं दाखवली होती. तुमचा आकडा दोन-चार अंकांनी इकडेतिकडे असेल तर ठीक, दहाने हुकला असेल तर वजन किंवा गाळणी विसरलात.

ऋण आकड्यांपेक्षा वाईट खड्डा पुढे आहे. एएनईएसचा प्रसिद्ध प्रश्न म्हणजे ‘भावनांचा थर्मामीटर’: उमेदवाराबद्दल शून्य ते शंभर अंशांत किती ऊब वाटते? २०२० मध्ये बायडन व्ही२०११५१, ट्रम्प व्ही२०११५२, कमला हॅरिस व्ही२०११५३. हॅरिस तेव्हा उपाध्यक्षपदाच्या उमेदवार होत्या, त्यामुळे २०२४ च्या आधीचं त्यांचं ‘तापमान’ इथे नोंदलेलं आहे, ही या फाइलची मोठी किंमत. पण याच रकान्यांत ९९८ म्हणजे ‘माहीत नाही’ आणि ९९९ म्हणजे ‘हे नाव ओळखत नाही’. साठ, चाळीस आणि ९९८ अशी तीन उत्तरं असतील तर सरासरी ३६६ अंश येते. इतका मोठा आकडा निदान डोळ्यांत खुपतो. मोठ्या एकत्रित फाइलमधला सापळा त्याहून कपटी आहे. तिथे ९७ ते १०० अंश देणारे सगळे ९७ म्हणून नोंदलेत, आणि ९८ व ९९ हे हरवलेल्या उत्तरांचे संकेत आहेत. ते गाळले नाहीत तर ‘मला माहीत नाही’ म्हणणारा माणूस उमेदवाराचा कट्टर चाहता ठरतो. कमी माहितीच्या नव्या उमेदवाराला, म्हणजे बऱ्याचदा बाईला, यात उगाचच चढा आकडा मिळतो. चुकीचा निष्कर्ष, तोही गोड.

आता मूळ प्रश्न. इथे आधी एक गैरसमज निस्तरावा लागतो, कारण एएनईएसवरून पहिला तक्ता काढणारे हमखास त्यातच अडकतात. बायका आणि पुरुष वेगळं मतदान करतात याचा अर्थ बाई उमेदवाराबद्दल आकस आहे असा होत नाही. रटगर्स विद्यापीठाचं सेंटर फॉर अमेरिकन विमेन अँड पॉलिटिक्स, १९७१ पासूनचं, या फरकाची नीट व्याख्या देतं: विजयी उमेदवाराला महिलांनी दिलेली टक्केवारी आणि पुरुषांनी दिलेली टक्केवारी यांतलं अंतर. एक्झिट पोलांनुसार १९९६ साली बिल क्लिंटन यांना महिलांची ५४, पुरुषांची ४३, अंतर ११. २०१६ साली ट्रम्प यांना पुरुषांची ५२, महिलांची ४१, अंतर पुन्हा ११. २०२० मध्ये दोन्ही बाजूंना पुरुष, तरी १२. २०२४ मध्ये हॅरिस समोर असताना ट्रम्प यांना पुरुषांची ५५, महिलांची ४५, म्हणजे १०. बाई मैदानात असो नसो, अंतर हलतंय कुठे? ते पक्षांमधलं अंतर आहे, १९८० पासून चालत आलेलं. बाई उभी राहिली म्हणून बायकांनी पक्ष सोडला नाही आणि पुरुषांनीही फारसा सोडला नाही. मगोवाल्या (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या) घराने सिंहावर, म्हणजे आपल्या पक्षाच्या निशाणीवर, मत द्यायचं तर उमेदवाराचं लिंग बघून दिलं का, हे ज्याला गोव्याची जुनी मतदारयादी पाठ आहे त्याला वेगळं सांगायला नको.

एक्झिट पोलाबद्दलही सावध राहा. २०१६ च्या एक्झिट पोलात गोऱ्या बायकांपैकी ५२ टक्के ट्रम्पकडे गेल्या असं आलं आणि त्यावर ढीगभर लेख पडले. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०१८ साली मतदारयादीशी ताडून खरोखर मत दिलेल्यांचाच हिशेब केला, तेव्हा आकडा ट्रम्प ४७, हिलरी क्लिंटन ४५ असा निघाला. कल तोच, पण ‘बहुसंख्य’ हा शब्द गेला. एएनईएसमध्ये ‘मी मत दिलं’ म्हणणारे प्रत्यक्षाहून बरेच जास्त असतात. लोक याबाबतीत सगळीकडे सारखेच.

मग आकस मोजायचा कशाने? सरळ विचारून उपयोग नाही, याचा उत्तम पुरावा गॅलप या जनमत चाचणी संस्थेचा जुना प्रश्न. पक्षाने लायक बाई उभी केली तर मत द्याल का? १९३७ साली ३३ टक्के हो म्हणाले, १९९९ मध्ये ९२, २०१९ मध्ये ९४. बघायला छान वाटतं. पण २०१९ च्या त्याच पाहणीत सत्तरी ओलांडलेल्या उमेदवाराला फक्त ६३ टक्के तयार होते, आणि पुढच्याच वर्षी ७४ वर्षांचे ट्रम्प आणि ७७ वर्षांचे बायडन यांच्यातच सगळ्यांना निवडावं लागलं. शिवाय प्रश्नातच ‘तुमच्या पक्षाने’ आणि ‘लायक’ असे दोन टेकू दिलेले. टेकूंसकट नाही म्हणायला बराच निर्लज्जपणा लागतो.

एएनईएसची खरी कमाई इथे आहे. १९९६ मध्ये ग्लिक आणि फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी २२ विधानांची मोजपट्टी केली, अकरा उघड वैराची आणि अकरा गोड बोलून खाली ठेवणारी. एएनईएसने २०१६ मध्ये त्यातली वैराची काही विधानं उचलली: साध्या बोलण्यातही बायकांना अपमान दिसतो, बायकांना पुरुषांवर ताबा मिळवून सत्ता हवी असते, अशा धर्तीची. यात निवडणूक नाही, उमेदवार नाही, त्यामुळे माणूस सावध होत नाही. उत्तरं एका दिशेला लावून सरासरी काढा. लावताना कोडबुक उघडं ठेवा, कारण मोजपट्टीत १ म्हणजे ‘पूर्ण सहमत’ असला तर लहान आकडा जास्त वैर दाखवतो आणि आलेख उलटा निघतो. मग पक्षनिष्ठा कायम धरून, म्हणजे एकाच पक्षाच्या लोकांची आपसात तुलना करून, मताशी संबंध बघा. २०१६ वरच्या अनेक अभ्यासांत पक्ष आणि विचारसरणी धरूनही हा संबंध टिकला, आणि सहमत होणाऱ्यांत बायकाही होत्या. पक्ष धरल्याशिवाय हा तक्ता छापू नये. तो छापला तर रिपब्लिकन असणं आणि स्त्रीद्वेष्टा असणं ही एकच गोष्ट होऊन बसते. दुसरी खोट: ही विधानं मतदानानंतरच्या फेरीत विचारलेली. ट्रम्पना मत दिल्यावर माणूस आपलं म्हणणं त्याला जुळवून घेत असेल, तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे या फाइलवरून सुटत नाही. उणे ६ वाले इथे गाळायचेच आहेत.

आणखी एक गोष्ट फारसे लोक वापरत नाहीत. २०१६ मध्ये १,१८० मुलाखती समोरासमोर झाल्या आणि ३,०९० इंटरनेटवर. एकच नाजूक प्रश्न, एकदा माणसासमोर, एकदा पडद्यासमोर. दोन गटांची उत्तरं वेगळी करून बघा, लाज किती आकडे खाते त्याचा अंदाज येतो. २०२० ला कोविडमुळे घरी जाऊन मुलाखती झाल्या नाहीत, त्यामुळे ही तुलना तिथे जमत नाही.

एएनईएस जे करत नाही ते म्हणजे यादीचा प्रयोग, आणि तो गोव्यात स्वतः करता येण्यासारखा आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात अर्ध्या लोकांना राग आणणाऱ्या चार गोष्टी वाचून दाखवल्या: पेट्रोलचे वाढते दर, खेळाडूंचे कोटीकोटींचे पगार, सीटबेल्टची सक्ती, कंपन्यांचं प्रदूषण. उरलेल्या अर्ध्यांना पाचवी जोडली, बाई अध्यक्ष होणं. कोणत्या गोष्टींचा राग येतो ते विचारायचं नाही, फक्त किती ते. दोन गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पाचवीचा राग, आणि तो सुमारे २६ टक्के निघाला. गॅलपच्या ‘हो’शेजारी हा आकडा ठेवून बघा.

आपल्या तालुक्यात करायचं तर पाचवं वाक्य ‘राखीव नसलेल्या प्रभागातून बाई निवडून येऊन सरपंच होणं’ असं ठेवावं; राखीव प्रभागाचं विचाराल तर राग आरक्षणाचा की बाईचा, कळणार नाही. बाकीची चार निवडताना सगळी चिडवणारी घेऊ नका. मांडवीतले कॅसिनो, वीज जाणं, कचरा आणि जमिनींचे व्यवहार अशी चौकडी लावलीत तर चिडलेला माणूस चारही धरतो, आणि पाचवी धरली की ‘पाच’ म्हणताना उघडा पडतो, म्हणून चारवर थांबतो. एक तरी गोष्ट कुणालाच राग न येणारी हवी. संख्येचंही सोंग करू नका. एका गटात दोनशे माणसं असली आणि उत्तरांचा पसारा (स्टँडर्ड डेव्हिएशन) साधारण एक असला तर चूक अधिक-उणे २० टक्क्यांची येते, म्हणजे २६ चे सहाही असतील आणि शेहेचाळीसही. गटात हजार घेतलेत तर चूक नऊवर येते. चिठ्ठी टाकून गट पाडा, सकाळचे एका गटात आणि संध्याकाळचे दुसऱ्यात असं नको, बाजारात सकाळी येणारी माणसं वेगळीच असतात.

एका अग्रलेखापुरता आकडा हवा असेल तर एएनईएसचा खटाटोप करू नये, रटगर्सचं पान आणि प्यूचा अहवाल अर्ध्या तासात काम भागवतात. इन्स्टॉल काही न करता तक्ते काढायचे तर बर्कलीचं एसडीए हे ब्राउझरमधलं साधन बरं: ओळीत एक रकाना, स्तंभात दुसरा, वजनाची चौकट भरायची, बस. राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी मात्र फाइलच हवी, सोबत आर हे आकडेवारीचं फुकटचं सॉफ्टवेअर आणि त्यातलं सर्व्हे हे पॅकेज. एक्सेल टक्के बरोबर देतं, पण त्यात किती चूक असू शकते ती मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) देत नाही. ती काढायला व्ही२०००१०सी आणि व्ही२०००१०डी हे नमुन्याच्या रचनेचे रकाने लागतात, आणि परीक्षक नेमकं तेच विचारतो.