वीस हजार लीग: संक्षिप्त प्रत घेण्याआधी

सांगलीत मुलांसाठी ज्यूल व्हर्नची ‘वीस हजार लीग’ कादंबरी घेताय? आधी शेवटाकडचं बर्फाचं प्रकरण उघडा. दक्षिण ध्रुवाजवळ नॉटिलस ही पाणबुडी अडकते, खाली 10 मीटर बर्फ. खलाशी पाळीपाळीने खणतात, पण बाजूच्या भिंती गोठत आत सरकतात. मग पाणबुडीचा कप्तान निमो पंपांनी उकळतं पाणी सोडतो. आतली हवा संपत चाललेली. हे चार ओळींत उरकलं असेल, तर ती प्रत परत ठेवा. कादंबरीचा जीव तिथेच आहे.

दुसरी खूण नावाची. वीस हजार लीग ही खोली नव्हे, पाण्याखालून कापलेलं अंतर: एक लीग 4 किलोमीटर धरून 80,000 किलोमीटर. पृथ्वीचा व्यासच सुमारे 12,700 किलोमीटर. मलपृष्ठावर ‘खोल’ छापलं असेल, तर संपादकाने पुस्तक वाचलेलं नाही.

पाण्याच्या दाबाचा हिशेब मात्र मुलांसोबत बसून वाचा. 32 फूट पाणी म्हणजे हवेच्या दाबाइतका दाब, असं गोष्ट सांगणारा प्राध्यापक अरोनॅक्स सोबतच्या नेड या हार्पूनवाल्याला समजावतो. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पुराची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे आकडे दर पावसाळ्यात ऐकणाऱ्या आपल्या पोरांना ते लगेच कळतं.

माशांच्या लांबलचक याद्या कंटाळवाण्या आहेत, त्या गाळल्या तर बिघडत नाही. सोडियमपासून वीज करून नॉटिलस चालवण्याचा भाग मात्र हवाच. समुद्राच्या मिठातूनच सोडियम काढायचं, ही कल्पना 1870 च्या आसपासची आहे! वय दहा-अकराच्या पुढे.